पोरांना आधी ओढा दाखवा, सामुद्रधुनी नंतर

दांडेकरपूल
मुलगा चौथीत आहे. परवा घोकत बसला होता, 'चारही बाजूंनी पाणी ते बेट, तीन बाजूंनी पाणी ते द्वीपकल्प.' सामुद्रधुनीही पाठ. म्हटलं, आपल्या पुण्यातला आंबिल ओढा कुठाय सांग. तर म्हणे, "तो वास येतो तो नाला?"

पुण्यात बेट नाही असं मीही सांगून मोकळा झालो होतो. आई म्हणाली, सारसबागेत ने त्याला. नानासाहेब पेशव्यांनी पर्वतीच्या पायथ्याशी आंबिल ओढ्याचं पाणी अडवून तळं केलं, मधे बेट राखलं. त्यावर पुढे गणपती बसला. तळं बुजलं, 'तळ्यातला गणपती' हे नाव तेवढं राहिलं.

माझं म्हणणं, भूगोल इथून सुरू करा. टेकडी, ओढा, खिंड, संगम. आणि ओढ्याला नाला म्हणणं थांबवा. नाला म्हटलं की लोकांना गटार दिसतं आणि राडारोडा टाकायला हात धजावतो. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री याच ओढ्याने अरण्येश्वर, सहकारनगरात भिंती पाडल्या, गाड्या वाहून नेल्या. माणसं गेली.

निवृत्त_बाई
भूगोल शिकवण्यात आयुष्य गेलं, म्हणून लिहिते. पूर शब्दामुळे येत नाही. पात्र आवळलं की येतो. राम नदीला सगळे नदीच म्हणतात ना? पाषाण-बावधनला जाऊन पाहा तिची दशा.

राहिला स्थानिक शब्दांचा प्रश्न. वेताळ टेकडी समुद्रसपाटीपासून साधारण ८०० मीटर. माथेरानही जवळपास तेवढंच. मग एक टेकडी आणि दुसरा डोंगर का? कारण पुणंच ५६० मीटरवर बसलंय आणि माथेरानचा पायथा जवळजवळ कोकणात. हे कळायला 'समुद्रसपाटी' लागते, आणि ती पुण्यात कुठेच दिसत नाही. पुस्तकातूनच शिकावी लागते.

'घाट' म्हणजे तरी काय सांगाल पोराला? कात्रजचा रस्ता, नदीच्या पायऱ्या, की अख्खा सह्याद्री?

दांडेकरपूल
तिन्ही सांगेन! बाई, तुमचं उदाहरण तर माझ्याच बाजूचं झालं. वेताळ टेकडी चढून दम लागलेल्या पोरालाच हा फरक विचारता येईल.

यवतमाळ_ते_वारजे
नाल्याची एवढी बदनामी नका करू राव. आमच्याकडे नाला म्हणजे तुमचा ओढाच. आम्ही त्यात पोहायला शिकलो. सरकारी योजनेतसुद्धा 'नाला खोलीकरण' असतं, तिथे कोणी नाक दाबत नाही. पुण्याने घाण करायची आणि दोष आमच्या शब्दाला?

रविवारी_डोंगरात
पुस्तकातले शब्द तरी कुठे काटेकोर आहेत? कॅस्पियन चारही बाजूंनी जमिनीने वेढलेला, तरी नाव समुद्र. उलट राजगडाच्या सुवेळा माचीवर, म्हणजे बालेकिल्ल्याखालच्या लांबट सपाटीवर, कड्याला आरपार भोक आहे, त्याला नेढं म्हणतात. पाणी वाहून कापलेली, कोकणात उतरणारी उभी अरुंद वाट म्हणजे नाळ. बोराट्याची नाळ एकदा उतरा, गुडघे व्याख्या विसरणार नाहीत. माची, सोंड, नेढं, नाळ हे शब्द चौथीच्या पुस्तकात का नकोत?

निवृत्त_बाई
कारण चंद्रपूरच्या मुलाने नेढं कुठे पाहावं? पुस्तक सगळ्या राज्याचं असतं. ट्रेक तुमचे तुम्ही करा, कोणी अडवलंय?

दांडेकरपूल
मग काटेकोरपणाचंच बोलू. सगळं पुणं 'धरणावर' भजी खायला जातं. धरण म्हणजे भिंत, तिथे कोणी पाऊलही ठेवू देत नाही. आपण बसतो जलाशयाच्या काठावर. पेपरवालेही 'धरणात इतके टीएमसी' लिहितात. ही चूक पुस्तकाने आजवर का नाही सुधारली?

निवृत्त_बाई
ती चूक नाही, रूढी आहे. ऐकणाऱ्याला अर्थ कळतो.

यवतमाळ_ते_वारजे
मग नाल्यानेच काय घोडं मारलंय?