नारळाच्या सोडणातली साखर यीस्ट खातच नाहीये, काय करू?

बावनदी_काठ:
एमेस्सीचा प्रोजेक्ट चालू आहे, रत्नागिरीत. नारळाची सोडणं (वरची काथ्याची सालं) ढिगाने पडलेली असतात म्हणून तीच घेतली, वाळवून दळली, १ टक्का सल्फ्युरिक ॲसिडमध्ये ऑटोक्लेव्हला (लॅबचा प्रेशर कुकर) १२१ डिग्रीला तासभर ठेवली, गाळून कॉस्टिकने पीएच ५ च्या आसपास आणला आणि बेकरीचं यीस्ट टाकलं. डीएनएस टेस्टला (रंगावरून साखर मोजायची टेस्ट) साखर दिसते पण फेस नाही काही नाही, रीडिंग जवळपास तेवढंच राहतंय. यीस्ट मेलेलं नाहीये, त्याच पुडीतलं ग्लुकोजमध्ये मस्त फसफसतं. गाईड म्हणतात पुन्हा कर.

माटुंगा_रिटर्न:
पुन्हा करून तेच होणार. पातळ ॲसिडने सेल्युलोज फारसं हलत नाही, तुटतं ते हेमिसेल्युलोज (सेल्युलोजभोवतीचा भाग) आणि त्यातून येतं मुख्यतः झायलोज, पाच कार्बनवालं, म्हणजे पेंटोज. बेकरीच्या यीस्टला ते मुळात पचतच नाही. डीएनएसला काय, ग्लुकोज असो की झायलोज, रिड्यूसिंग साखर दिसली की रंग येणार. बायल्स टेस्ट कर, पेंटोज असेल तर निळसर हिरवा येईल, फक्त सॅम्पल भरपूर पातळ कर, तुझं द्रावण आधीच चहासारखं असणार.
झायलोज खाणारं यीस्ट म्हणजे शेफरसोमायसेस स्टिपिटिस, जुन्या पेपरांत पिकिया म्हणून सापडेल. पुण्यात एनसीएलच्या (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) एनसीआयएम कलेक्शनला विचार, तिथे असे सूक्ष्मजीव जपून ठेवतात, कॉलेजच्या लेटरहेडवर. त्याला थोडी हवा लागते, बाटली गच्च बंद करू नकोस.

मुरटे_आणि_माडी:
अरे सोडणा हयसर फुकट कोण टाकता? न्हाणयेत पाणी तापवूक लागतत. त्यापेक्षा बोंडू (काजूचं फळ) घे ना, काजू काढला की बागेत नुसता सडून जातो, रसात ग्लुकोज फ्रुक्टोज तयारच, तुझं बेकरीचं यीस्टपण खाईल. शेजारी गोव्यात त्याचीच फेणी होते.

माटुंगा_रिटर्न:
बोंडू मस्तच पण त्यात संशोधन काय राहिलं, शिवाय मिळतो उन्हाळ्यातच. झायलोजच हवं तर सोडण सोड, त्यात लिग्निन (लाकडाला कडकपणा देणारा भाग, त्यातून साखर येत नाही) फार. भाताचा पेंढा घे, तो तर प्रत्येक वाडीत आहे. पानिपतला २०२२ मध्ये सुरू झालेला इंडियन ऑइलचा इथेनॉल प्लांट पेंढ्यावरच आहे, टेक्नॉलॉजी पुण्याच्या प्राजची. आणि इथेनॉलचाच हट्ट कशाला? झायलोजला हायड्रोजन दिला की झायलिटॉल, च्युइंगममधलं (कुत्र्याला मात्र चुकूनही देऊ नये, विष आहे त्याला), आणि ॲसिडमध्ये जास्त तापवलं की पाण्याचे तीन रेणू जाऊन फरफ्युरल, एक औद्योगिक रसायन. क्वेकर ओट्सवाल्यांनी १९२० च्या दशकातच ओटच्या टरफलांपासून ते विकायला काढलं होतं.
पण तुझ्या फ्लास्कमध्ये फरफ्युरल नको, यीस्टला मारतं. कडू बदामासारखा वास आला तर समज तापवणं जास्त झालं. कॉस्टिकऐवजी चुन्याने पीएच १० पर्यंत ने, जिप्सम खाली बसतं, गाळ, मग परत ५.५ वर आण. विषारी माल बराच कमी होतो.

बावनदी_काठ:
लॅबमधला चुना संपलाय, शिंपल्यांचा चालेल का? इथे मिळतो.

माटुंगा_रिटर्न:
चालेल, पण ताजा विरवलेला घे. हवा लागून जुना झालेला असेल तर त्याचं कार्बोनेट झालेलं असतं, कितीही टाक पीएच १० ला चढणार नाही.