बॉक्स आवळण्याआधी जॅक लावा
तुमच्या गाडीच्या स्टिअरिंगमध्ये प्ले आहे, म्हणजे ते थोडं फिरवलं तरी चाकं लगेच वळत नाहीत. त्यावर कुणीतरी वर सुचवलेलं ‘स्टिअरिंग बॉक्सचा (स्टिअरिंगचं फिरणं चाकांकडे नेणाऱ्या गिअरच्या डब्याचा) स्क्रू आवळा, प्ले जाईल’ हे म्हणणं पटलं नाही. बॉक्स झिजतो तो मधोमध, गाडी सरळ चालताना. तिथला प्ले काढायला आवळलात तर वळणावर स्टिअरिंग जड होऊन अडकतं.

गाडी मॉर्गन (ब्रिटिश स्पोर्ट्स कार) आहे म्हणता, तर आधी पुढचं चाक जॅकवर घ्या, वरून-खालून धरून हलवा आणि कुणाला तरी ब्रेक दाबायला सांगा. ब्रेक दाबल्यावर खडखड थांबली तर चाकाचं बेअरिंग झिजलंय, नाहीतर किंगपिनचे (पुढचं चाक ज्या उभ्या दांड्यावर वळतं त्याचे) बुश, म्हणजे त्याभोवतीची धातूची अस्तरं. माझ्या जुन्या प्लस फोरमध्ये (मॉर्गनचंच एक मॉडेल) बुशच झिजलेले निघाले. किंगपिनला तेल सोडणारं पायाने दाबायचं बटण आधीच्या मालकाने (भला माणूस, पण आळशी) बहुधा कधी दाबलंच नव्हतं. नळीत तेलाची काळी खळ झाली होती.