जर्मनीतली अलेवी केंद्रं

अलेवी म्हणजे तुर्कस्तानातला एक अल्पसंख्य धर्मपंथ. जर्मनीतली त्यांची केंद्रं म्हणजे नुसती गाण्याबजावण्याची मंडळं, असं कुणीतरी म्हटलंय. मला अजिबात पटत नाही. अलेवींच्या 'जेम'मध्ये, म्हणजे सामूहिक उपासनेच्या मेळाव्यात, साझ हे तंतुवाद्य वाजतं, बायका-पुरुष एकत्र 'सेमाह'चा फेर धरतात, ती त्यांची उपासनाच आहे. आणि ती सुरू होण्याआधी त्यांचे धर्मगुरू, म्हणजे देदे, जमलेल्यांना विचारतात: कुणाचं कुणाशी वाकडं आहे का? असेल तर आधी सगळ्यांसमोर मिटवायचं, मग पुढचं. परमुलखात माणसं धरून ठेवायला याहून भक्कम काय हवं!

तुर्कस्तानातून कामगार म्हणून आलेल्या यातल्या अनेकांनी बरीच वर्षं आपली ओळख झाकूनच ठेवली होती. १९८९ साली हॅम्बुर्गमध्ये जाहीरनामा काढून त्यांनी ती उघडपणे मांडली. २ जुलै १९९३ ला तुर्कस्तानातल्या सिवास शहरात जमावाने हॉटेल पेटवलं. अलेवींचे जुने संतकवी पीर सुलतान अब्दाल यांच्या नावाच्या महोत्सवाला आलेले कवी, गायक, कोवळी पोरं त्यात गेली. त्यानंतर जर्मनीतल्या संघटना झपाट्याने वाढल्या. तुर्कस्तानात जेमघराला मशिदीसारखा प्रार्थनास्थळाचा दर्जा मिळावा म्हणून अलेवी वर्षानुवर्षं झगडताहेत. जर्मनीत मात्र काही राज्यांत सरकारी शाळांमध्येच अलेवी धर्मशिक्षणाचे तास होतात, आणि ते या संघटनांनी पाठपुरावा करून मिळवलेत.