क्लिपांमुळे कॉलेज बास्केटबॉल दिसतं जास्त, कळतं कमी

फुलकोर्ट

31 मार्च 2023, डॅलस. अमेरिकेतल्या कॉलेज महिलांच्या स्पर्धेची सेमीफायनल, आयोवा विरुद्ध तोवर एकही मॅच न हरलेली साउथ कॅरोलिना. साउथ कॅरोलिनाची रेव्हन जॉन्सन थ्रीच्या (तीन गुणांच्या शॉटच्या) रेषेबाहेर चेंडू घेऊन उभी आहे. तिला अडवायचं सोडून आयोवाची केटलिन क्लार्क पार मागे पेंटजवळ (बास्केटसमोरच्या रंगवलेल्या चौकोनाजवळ) उभी राहते आणि हात झटकते: मार काय मारायचं ते. या काही सेकंदांची क्लिप कोट्यवधी लोकांनी पाहिली, मीम झालं, जॉन्सनची यथेच्छ टिंगल झाली. खेळ सोडण्याचा विचार मनात आला होता असं तिने नंतर स्वतःच सांगितलं.

आता पूर्ण मॅच बघा. आयोवाचा प्लॅनच तो होता. साउथ कॅरोलिनाच्या एलिया बॉस्टनसारख्या उंच खेळाडूंना बास्केटजवळ चेंडू मिळू नये म्हणून बाहेरून कच्चे शूट करणाऱ्यांना मोकळं सोडायचं आणि आत गर्दी करायची. साउथ कॅरोलिनाने 20 थ्री मारले, त्यातले 4 पडले आणि आयोवा 77-73 जिंकली. हात झटकणं हा त्या डावपेचाचा सर्वात बिनमहत्त्वाचा भाग. क्लिपेत तेवढाच उरला.

वर्षभराने क्लीव्हलंडच्या फायनलला उलटा प्रकार. पहिल्याच क्वार्टरला क्लार्कचे 18 गुण, लगेच क्लिपा सुटल्या. मॅच मात्र साउथ कॅरोलिनाने 87-75 घेतली, कारण रिबाउंड (चुकलेल्या शॉटचा चेंडू पकडणं) 51 विरुद्ध 29 होते आणि बेंचवरच्या पोरींचे गुण 37 विरुद्ध 0. क्लार्कला अडवण्याचं मुख्य काम याच जॉन्सनकडे होतं. त्यांच्याच कमिला कार्डोसोच्या 17 रिबाउंडची क्लिप कोण करणार? रिबाउंडआधी पाठ लावून जागा अडवणं हे दिसायला काहीच नसतं.

माझं म्हणणं एवढंच: क्लिपेला शॉट कळतो, पझेशन (चेंडू संघाच्या ताब्यात आल्यापासून जाईपर्यंतचा खेळ) कळत नाही. आणि हा खेळ पझेशनचा आहे.

लेफ्ट कॉर्नर

साफ असहमत. महिलांचं कॉलेज बास्केटबॉल आज टीव्हीवर एवढं दिसतंय त्याला अशीच एक क्लिप कारणीभूत आहे, हे धागाकर्ते सोयीस्कर विसरतात.

मार्च 2021. कोविडमुळे सगळे पुरुष संघ इंडियानापोलिसला, महिला संघ सॅन अँटोनियोला. ओरेगनच्या सेडोना प्रिन्सने टिकटॉकवर व्हिडिओ टाकला: पुरुषांना हॉलभर बार आणि वजनं, महिलांना डंबेलचा एक स्टँड आणि काही योगा मॅट. एनसीएएचं (कॉलेज खेळ चालवणाऱ्या संस्थेचं) उत्तर होतं की जागा कमी आहे. तिने कॅमेरा फिरवून बाजूचा रिकामा हॉल दाखवला. विषय संपला. माफी मागावी लागली, दोन दिवसांत नवी जिम उभी राहिली, बाहेरच्या वकिलांकडून चौकशी झाली आणि ऑगस्टमध्ये अहवाल आला. 2022 पासून महिलांच्या स्पर्धेलाही ‘मार्च मॅडनेस’ हे नाव वापरू दिलं (तोवर ते फक्त पुरुषांसाठी राखीव होतं!) आणि संघ 64 चे 68 झाले. पुरुषांचे 68 तर 2011 पासूनच होते. 2025 पासून स्पर्धेत खेळलेल्या सामन्यांमागे महिला संघांच्या कॉन्फरन्सना (कॉलेजांच्या गटांना) पैसेही मिळू लागले.

हे सगळं पूर्ण मॅच मन लावून बघणाऱ्या रसिकांनी केलं का? त्यांना ती जिम कधी दिसलीच नव्हती.

आणि हो, 2024 ची ती फायनल 1 कोटी 89 लाख लोकांनी पाहिली, पुरुषांची 1 कोटी 48 लाखांनी. ही गर्दी क्लिपांनीच आणली.

आकडेमोड

प्रेक्षकसंख्येचा आकडा बरोबर, तुलना कच्ची. महिलांची फायनल रविवारी दुपारी एबीसीवर, म्हणजे अँटेना लावून फुकट दिसणाऱ्या चॅनेलवर होती. पुरुषांची सोमवारी रात्री टीबीएसवर, केबलचे पैसे भरणाऱ्यांना. फरक नुसत्या क्लिपांचा नाही.

पण धागाकर्त्यांचंही अर्धंच पटलं. क्लार्क अर्ध्या रेषेजवळून मारते तो निव्वळ दिखाऊपणा, असा सूर हल्ली फार ऐकू येतो. गणित करा. 2023-24 मध्ये तिचे थ्री सुमारे 37.8 टक्के पडले. गुणिले तीन, म्हणजे एका प्रयत्नामागे 1.13 गुण. तेवढेच गुण दोनच्या शॉटमधून हवे असतील तर जवळपास 57 टक्के पाडावे लागतात. फार लांबून टक्का उतरतो हे खरं, पण डिफेन्डरला 28-30 फुटांवर यावंच लागतं. तिथे स्क्रीन लावली (साथीदाराने डिफेन्डरची वाट अडवली) आणि दोघी क्लार्कवर धावल्या की मागे चौघींविरुद्ध तिघी उरतात. त्या हंगामात सामन्यामागे तिचे जवळपास 9 असिस्ट (गुण मिळवून देणारे पास) होते ते यातूनच.

क्लिपेत न दिसणारी दुसरी बाजू म्हणजे सामन्यामागे पाचाच्या आसपास टर्नओव्हर (शॉट न मारताच चेंडू गमावणं), आणि न पडलेले ते 62 टक्के.

फुलकोर्ट

@आकडेमोड, दिखाऊपणा हा शब्द माझा नाही. चौघींविरुद्ध तिघी हा भाग पाच सेकंदांच्या व्हिडिओत मावत नाही, एवढीच माझी तक्रार आहे.

@लेफ्ट कॉर्नर, जिमचा व्हिडिओ हा पुरावा होता. हायलाइट नव्हे. दोन्हींना एकाच मापाने मोजू नका.

जुना चेंडू

क्लार्क मोठी की जुन्या काळचा कॉलेज खेळाडू पीट मॅराविच, यावर 2024 च्या मार्चपासून इंटरनेटवर जी हाणामारी चालू आहे ती याच रोगाचं लक्षण. कॉलेजातले एकूण गुण: मॅराविच 3,667, क्लार्क 3,951. दोन आकड्यांचा फोटो टाकायचा आणि खाली शिव्या.

मॅराविचने ते 83 सामन्यांत केले, सरासरी 44.2. तेव्हा पहिल्या वर्षाच्या मुलांना मुख्य संघात खेळायला बंदी, म्हणून तीनच हंगाम. थ्रीची रेषा नाही. क्लार्कचे 139 सामने, चार हंगाम, सरासरी 28.4. एवढं वाचून लोक ‘बघा!’ म्हणून थांबतात. पण तेव्हा शॉट क्लॉकही (शॉट मारायला वेळेची मर्यादा) नव्हतं, आणि मॅराविचचे वडीलच कोच होते, त्यामुळे शॉट किती मारायचे यावर लगाम नव्हता. महिलांमध्ये तुलना करायचीच तर लिनेट वुडर्डशी करा: 3,649 गुण, तेही एनसीएए महिलांची स्पर्धा घेत नव्हती त्या काळात आणि पुरुषांच्याच मोठ्या चेंडूने. महिलांचा साडेअठ्ठावीस इंच घेराचा चेंडू 1984-85 ला आला. लहान कॉलेजातली पर्ल मूर तर 4,061 वर आहे. हिचं नाव त्या हाणामारीत कुणी घेतल्याचं दिसलं नाही.

नवशिका पुणे

पझेशन पझेशन चाललंय, ते मोजतात कसं? स्कोअरबोर्डवर तर दिसत नाही.

आकडेमोड

बॉक्स स्कोअरवरून (सामन्याच्या आकडेवारीच्या तक्त्यावरून) निघतं. शॉटचे प्रयत्न, वजा आक्रमणातले रिबाउंड, अधिक टर्नओव्हर, अधिक फ्री थ्रोच्या प्रयत्नांचे 0.475 पट. समजा 60 शॉट, 10 आक्रमक रिबाउंड, 12 टर्नओव्हर, 20 फ्री थ्रो: 60 − 10 + 12 + 9.5 = 71.5. गुण 78 असतील तर 78 भागिले 71.5, म्हणजे शंभर पझेशनमागे 109.

नेहमीची चूक म्हणजे आक्रमक रिबाउंड वजा न करणं. आपला चुकलेला शॉट आपणच पकडला तर पझेशन तेच चालू राहतं. हे विसरलात की रिबाउंडमध्ये दादा असलेला संघ कागदावर उगाच ढिसाळ दिसतो.

बेसलाइन बाई

सगळे खेळावर बोलताहेत, खेळाडूंवर काय गुदरतं त्यावर जॉन्सनच्या दोन ओळी सोडल्या तर काही नाही. माझ्या मते क्लिपांपेक्षा मोठं दुखणं बेटिंग ॲपचं आहे. मे 2018 च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर एकेका राज्याने खेळांवरचा सट्टा कायदेशीर केला. सट्टा नुसता संघावर नसतो. अमुक खेळाडू आठच्या वर रिबाउंड घेईल का, अशा एकेका खेळाडूवरच्या पैजाही असतात.

मार्च 2024 मध्ये नॉर्थ कॅरोलिनाचा अर्मांडो बेकॉट मॅच जिंकला, खेळला चांगला, तरी शंभरावर माणसांनी त्याला मेसेज करून झापलं. कारण? रिबाउंड त्यांच्या पैजेपेक्षा कमी पडले. त्याच महिन्यात एनसीएएच्या अध्यक्षांनी कॉलेज खेळाडूंवरच्या अशा पैजा सगळ्या राज्यांनी बंद कराव्यात म्हणून जाहीर मागणी केली. ओहायो, मेरीलंड, व्हरमाँट, लुइझियाना यांनी केल्या. बऱ्याच ठिकाणी मात्र आनंदीआनंद.

एकेका खेळाडूवरची पैज मॅच हातातून गेल्यावरही जिवंत राहते. संघ 20 ने पुढे, कोच त्याला बाहेर बसवतो, आणि तिकडे कुणाचे तरी पैसे बुडतात. मग तो राग थेट पोराच्या इन्स्टावर.

लेफ्ट कॉर्नर

हे शंभर टक्के मान्य. पण मग गुन्हेगार बेटिंग ॲप, क्लिप नव्हे. उलट 2021 च्या जुलैपासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर कमवता येतं, आणि त्या कमाईचा पाया ऑनलाइन ओळख हाच आहे. फ्रेस्नो स्टेटच्या कॅव्हिंडर जुळ्या बहिणींनी टिकटॉकच्या जोरावर पहिल्याच दिवशी मोबाइल कंपनीचा करार केला. एनबीएत न जाणाऱ्या, डब्ल्यूएनबीएच्या (महिलांच्या व्यावसायिक लीगच्या) तुटपुंज्या जागांत न बसणाऱ्या पोरांना दुसरं काय आहे?

ओकलंड विद्यापीठाचा जॅक गोल्की घ्या. 2024 ला केंटकीविरुद्ध 10 थ्री, 80-76 ने विजय, आणि लगेच जाहिराती. एका रात्रीत झालं ते क्लिपांमुळे.

फुलकोर्ट

गोल्कीचं उदाहरण देऊन माझंच काम सोपं केलंत. क्लिपा बघून वाटतं, एक पोरगा अचानक पेटला. त्या हंगामात तो जवळजवळ थ्रीच मारत होता. संघ त्याच्यासाठी एकामागून एक स्क्रीन लावायचा, आणि तो चेंडू हातात यायच्या आधीच पाय जमवून तयार असायचा. क्लिप चेंडू हातात आल्यावर सुरू होते. शिकण्यासारखं जे होतं ते त्याआधीच्या सहा सेकंदांत.

बघायची पद्धत सांगतो. चेंडू सोडा, पहिली चार मिनिटं फक्त चेंडूपासून सर्वात लांब असलेल्या डिफेन्डरकडे बघा. तो पेंटमध्ये पाय टाकून उभा असेल तर कुणाला मोकळं सोडलंय ते कळेल. पहिल्या टाइमआउटनंतर कोच काय बदलतो ते आपोआप दिसेल.

ब्रॅकेटवाला

यात एक व्यवहाराची गोष्ट राहिली. ऑफिसच्या ब्रॅकेट पूलमध्ये (स्पर्धेतला प्रत्येक सामना कोण जिंकेल याचा तक्ता भरायची पैज) पैसे घालवायचे असतील तर खुशाल क्लिपा बघून भरा. 63 सामने, म्हणजे शक्यता 92 वर 17 शून्यं, सगळं बरोबर येणं विसरा. ईएसपीएनच्या पद्धतीत पहिल्या फेरीच्या सामन्याला 10 गुण, मग 20, 40, 80, 160, आणि विजेत्याला 320. म्हणजे एकटा विजेता पहिल्या फेरीतल्या 32 सामन्यांएवढा. म्हणून 12 नंबरच्या मानांकनाचा कोणता संघ 5 नंबरला पाडेल यावर रात्र घालवू नका. दहा-बारा जणांचा पूल असेल तर सर्वात तगडा संघ घ्या. दोनशेचा असेल तर दुसऱ्या-तिसऱ्या पसंतीचा, कारण तगडा संघ सगळेच घेतात. ज्या संघाची क्लिप आठवडाभर फिरतेय तो टाळाच, त्याच्यावर लायकीपेक्षा जास्त माणसं बसलेली असतात. पुरुषांत 1 नंबरचा संघ पहिल्याच फेरीत 1985 पासून दोनदाच पडलाय: 2018 ला व्हर्जिनिया, 2023 ला पर्ड्यू. तिथे शहाणपणा नको.

नवशिका पुणे

फुलकोर्ट, पद्धत झकास, पण पहिल्या फेरीचे सामने इथे रात्री पावणेदहाला सुरू होतात आणि शेवटचे सकाळी सात-साडेसातला. नोकरीवाल्याने क्लिपा नाही बघायच्या तर काय बघायचं?

फुलकोर्ट

रात्रीचा पहिला एकच सामना, तोही दुसरा हाफ. पुरुषांच्या खेळात 20 मिनिटांचे दोन हाफ असतात. हाफटाइमला बॉक्स स्कोअर उघडा, वरचं सूत्र लावा, मग बघायला बसा. बारापर्यंत मोकळे व्हाल.

लेफ्ट कॉर्नर

आणि तो सामना कुठला निवडायचा, हे त्याला कळणार कशावरून? क्लिपांवरूनच ना?