अनुभव धागा: लिटर बॉक्स आपोआप साफ होतो, मग वास कशाचा?

मंडळी, आमच्याकडे दोन मांजरं. शेव (वय 4, नावाप्रमाणेच तिखट) आणि जिरावन ऊर्फ जिरू (वय 2, बोका, नसबंदी झालेला). मुक्काम इंदूर, राजेंद्रनगर. दुसरा मजला, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, त्यामुळे लिटर बॉक्सची (म्हणजे मांजरांच्या संडासाची, आत टाकायची माती किंवा कांड्या म्हणजे लिटर) जागा म्हणजे बैठकीतून गॅलरीत जायच्या दाराशी. दुसरीकडे कुठे ठेवणार?

दिवाळीत बोनस झाला तेव्हा ते गोल फिरणारं यंत्र आणलं. मांजर बाहेर आली की काही मिनिटांनी ढोल फिरतो, जाळीतून चांगलं लिटर खाली गळतं आणि शी-शूचे गोळे खालच्या खणात पडतात. पहिले आठ दिवस आम्ही समोर खुर्च्या टाकून बघत बसायचो. नवव्या दिवसापासून वास. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला शेजारच्या काकूंनी वाण घेता घेता हळूच विचारलं, "गॅस गळतोय का गं?" सासूबाई म्हणाल्या, "यंत्र फिरतंय, वास मात्र बसलेलाच आहे."

तर ज्यांच्याकडे असं यंत्र आहे त्यांनी आपापले अनुभव लिहा. लिटर कुठलं, खण किती दिवसांनी रिकामा करता, पावसाळ्यात काय होतं, कचरागाडीत कुठल्या डब्यात टाकता. कंपन्यांची नावं नकोत, त्यावरून नुसती भांडणं होतात. सवयी सांगा.

शेवजिरू


रामबागकर, इंदूर

पहिला प्रश्न, खण कधी रिकामा करता? अ‍ॅपवर "भरला" असं आल्यावर करत असाल तर गडबड तिथेच आहे. त्या सेन्सरला खण किती भरला तेवढंच कळतं, त्याला नाक नाही. माझं एकच मांजर आहे, तरी मी दर दोन दिवसांनी पिशवी बदलतो, मे महिन्यात रोज. सकाळी कचरागाडीचं गाणं कोपऱ्यावर ऐकू आलं की खण ओढायचा, पिशवीला गाठ मारायची आणि खाली पळायचं. आदल्या रात्री पिशवी काढून दाराबाहेर ठेवलीत तर जिन्यातले सगळे तुमच्या नावाने बोटं मोडतील. हे मी भोगलंय.

आणि कृपा करून ओल्या कचऱ्यात टाकू नका. आपला ओला कचरा देवगुराडियाला जातो, तिथे 2022 पासून त्याचा गॅस करतात. मातीचा काय गॅस होणार? आमच्या गाडीवाल्याने डायपरच्या डब्यात टाकायला सांगितलं, तेव्हापासून तिथेच.


निवृत्त मास्तर, ग्वाल्हेर

ताई, 31 वर्षं रसायनशास्त्र शिकवलं, आता घरात तीन मांजरं सांभाळतो. ताज्या शूला फारसा वास नसतो. तिच्यातल्या युरियाचा जीवाणू अमोनिया करतात, त्याला वेळ, ओल आणि ऊब लागते. बंद खणात हे तिन्ही असतं. म्हणजे यंत्राने घाण ढोलातून काढून एका उबदार पेटीत साठवली. वास जागा बदलून बसला, इतकंच. काकूंना गॅसची शंका आली त्यात नवल नाही. मांजराच्या लघवीत फेलिनिन नावाचं गंधकयुक्त द्रव्य असतं आणि ते विघटित झालं की गंधकाचाच उग्र दर्प येतो. नसबंदी न झालेल्या बोक्यांत ते बरंच जास्त. गॅस सिलिंडरमध्ये गळती कळावी म्हणून जे मिसळतात, तेही त्याच कुळातलं.

एक करा. खण काढून गॅलरीत ठेवा आणि अर्ध्या तासाने ढोलात नाक घालून बघा. मग जमिनीवर, मग दाराच्या पडद्याच्या खालच्या कडेला. तीन ठिकाणी तीन वेगळे वास येतात आणि तिन्हींचे उपाय वेगळे. आमच्याकडे गुन्हेगार पडदा निघाला.


एक वाचक

फिनाइलचे चार थेंब टाका खणात. आमच्याकडे सगळीकडे तेच.


सुदामानगरची मावशी

वरच्या दादा, कृपा करून हे करू नका! आमच्या कामवाल्या ताईंनी एकदा भरपूर फिनाइल घालून फरशी पुसली. मांजर त्यावरून चालली आणि बसून पंजे चाटले. अर्ध्या तासात तोंडातून लाळ, डोळे अर्धे मिटलेले. रविवार होता. डॉक्टर गाठेपर्यंत माझे हातपाय गळाले. वाचली, पण त्यांनी मला चांगलंच झापलं. फिनॉलसारखी द्रव्यं मांजराच्या यकृताला नीट निकालात काढता येत नाहीत. डांबराच्या गोळ्याही नकोत आणि ती सुगंधी तेलं पण नकोत.


निवृत्त मास्तर, ग्वाल्हेर

मावशींना पूर्ण अनुमोदन. आणखी एक, ब्लीच आणि अमोनिया एकत्र आले की क्लोरामाइनचा वायू होतो, छातीला घातक. लिटर बॉक्स ब्लीचने धुवायचा नाही. पांढरं व्हिनेगर पाण्यात निम्मंनिम्म करून पुसा, ते आम्ल असल्यामुळे अमोनियाला मारतं. त्याचा स्वतःचा वास वाळल्यावर जातो.


होळकरी, इंदूर

आम्ही टोफू लिटर घेतलं. सोयाच्या चोथ्याच्या कांड्या असतात. माळव्यात राहून सोयाबीन मांजराच्या संडासात जाईल असं आमच्या आजोबांना कुणी सांगितलं असतं तर त्यांनी काठी काढली असती. खंडवा रोडवर सोयाबीनची राष्ट्रीय संशोधन संस्था आहे आणि आम्ही सोयाच्या कांड्यांची पाकिटं घरपोच मागवतोय.

उन्हाळ्यात एक नंबर. धूळ नाही, वजनाला हलकं. जुलैत मात्र उघड्या पाकिटातल्या कांड्यांना आंबूस वास, आणि एकदा खणात चक्क बुरशी. आता जून ते सप्टेंबर मातीचं, पुढे टोफू. पाकिटावर फ्लश करता येतं असं लिहिलंय, मी एकदाच केलं. प्लंबरने किती घेतले ते लिहीत नाही, बायको हा धागा वाचते.


दांडियाबाजार, वडोदरा

आमच्याकडे बेंटोनाइट. कच्छमध्ये तिच्या खाणी आहेत, म्हणून मी तिला घरचीच माती म्हणते. पाणी शोषून फुगते आणि गच्च गोळा होतो. पण गोळा बांधायला वेळ लागतो आणि वडोदऱ्याच्या दमट पावसाळ्यात तो जास्तच लागतो, हे मला दोन वर्षांनी समजलं. यंत्र 7 मिनिटांवर लावलेलं होतं. ओला गोळा फिरताना फुटायचा, अर्धा जाळीला चिकटायचा, अर्ध्याचा चुरा चांगल्या लिटरमध्ये. तो चुराच वास मारतो! 20 मिनिटं केल्यापासून ढोलाची कटकट संपली. खणाची आहेच.


खटपट्या, इंदूर

जरा लांब लिहितो. आमचा बोका साडेपाच किलोचा. खण रोज रिकामा, कोळशाचा फिल्टर दर महिन्याला नवा, तरी वास. मुलगी म्हणाली, "बाबा, लिटर कमी पडत असेल." म्हणून आतल्या खुणेच्या वर दोन बोटं लिटर भरलं. उलटंच झालं. ढोल फिरताना लिटर पूर्ण गळेना, चांगलं लिटरही खणात जायला लागलं आणि मोठे गोळे तुटायला लागले. खुणेच्या खालीही चालत नाही, मग शू तळाच्या रबरापर्यंत पोचते आणि तिथे लुकणासारखी चिकटून बसते. खूण म्हणजे खूण.

तरी वास होताच. शेवटी एका रविवारी प्लग काढला आणि यंत्र गच्चीवर नेऊन सुटं केलं. हे महाशय उभ्याने, मागची भिंत नेम धरून शू करतात. ती धार ढोलाच्या सांध्यातून बाहेर, तिथून यंत्राच्या बैठकीवर आणि खणाच्या खाली. वजन मोजणाऱ्या पायांपाशी पांढरट पिवळी खपली जमली होती, चांगली नखभर जाड. मी महिनोन्‌महिने खण घासत होतो आणि माल खणाखाली!

एन्झाइमवालं क्लीनर आणलं. फवारून लगेच पुसायचं नसतं, ओलं फडकं टाकून पंधरा मिनिटं तसंच ठेवायचं. ढोल साध्या साबणाने धुतला. नर्मदेचं पाणी एक दिवसाआड, म्हणून पाण्याच्या दिवशीच हा कार्यक्रम. मोटर आणि वायरी असलेल्या भागाला नुसतं पिळलेलं फडकं, पाणी अजिबात नाही.

मग मी घाई केली. संध्याकाळी ढोल हाताला कोरडा लागला म्हणून लिटर भरलं. सांध्यात ओल होती. सकाळी आत भिंत लिंपल्यासारखी माती! पुन्हा सगळं खरवडलं. आता रात्रभर वाळवतो आणि त्या रात्रीपुरता जुना साधा टब बाहेर काढतो. बोका त्या टबात इतक्या आनंदाने जातो की यंत्रावर घातलेले पैसे आठवून पोटात दुखतं.

खणाच्या कडेला दाराच्या फटीला लावतात ती स्पंजची चिकटपट्टी लावली आहे. वीस-तीस रुपयांत सगळ्यात जास्त फरक तिने पडला.


लोकमान्यनगरची

माझी म्हातारी 13 वर्षांची. वास अचानक वाढला असं वाटलं म्हणून मी लिटर बदललं, मग फिल्टर. मग सहज अ‍ॅपमध्ये पाहिलं तर दिवसाला 3 फेऱ्यांच्या 8 झाल्या होत्या आणि गोळे नारळाएवढे. डॉक्टरांनी रक्त तपासलं, साखर निघाली. आता रोज दोनदा इन्शुलिन. महिनाभर मी यंत्रालाच दोष देत बसले होते.

बोकेवाल्यांनो, फेऱ्या वाढल्या आणि गोळे मात्र बारीक किंवा नाहीतच, तर त्याच दिवशी डॉक्टर. लघवी तुंबली की बोका दोन-तीन दिवसांत दगावू शकतो.


एक बाळंतीण होऊ घातलेली

खण नवऱ्याकडे दिला आहे. टोक्सोप्लाझ्मा नावाच्या, पोटातल्या बाळाला घातक जंतूंच्या भीतीपायी डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की तुम्ही हात लावूच नका, आणि घाण रोजच्या रोज काढा, कारण ते जंतू शीतून बाहेर पडल्यावर लागण करण्याजोगे व्हायला एक ते पाच दिवस घेतात. नवरा रोज विचारतो, कितवा महिना चालू आहे.


शेवजिरू

सगळ्यांचे आभार. मास्तरांचा नाकाचा प्रयोग केला. ढोल ठीक निघाला. खणाला अपेक्षेप्रमाणे वास. पण मुख्य वास दाराच्या लाकडी चौकटीच्या खालच्या वीतभर भागाला! आमचा जिरू पण नेमबाजच निघाला. चौकट तीन वेळा एन्झाइमने पुसली, वर जाड प्लास्टिकची पट्टी ठोकली. खण आता एक दिवसाआड, गाडीच्या वेळेला, आणि पिशवीच्या तळाशी मूठभर खायचा सोडा. फटीला स्पंजही लावला. काकू परवा आल्या होत्या, काही बोलल्या नाहीत, पण चहा घेईपर्यंत बसल्या.

एकच नवी अडचण. प्लग काढून खण बाहेर घेतला की जिरू लगेच खणाच्या रिकाम्या जागेत शिरतो आणि ताणून देतो. खालून गाडीचं गाणं लांब जात असतं आणि मी इकडे जमिनीवर पालथी पडून त्याला विनवण्या करत असते. यावर कुणाकडे उपाय आहे का?