मदत हवी आहे: अभ्यासिकेत दिवास्वप्नांसाठी वेळ कसा बसवावा?

सांगलीतल्या आमच्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेच्या मुलांना रोज संध्याकाळी २० मिनिटं नुसतं मन मोकळं सोडायला द्यायची आहेत. हे ध्यान नव्हे. श्वास मोजायचा नाही, मन आवरायचं नाही. रिकामा बसला म्हणून मेंदू बंद पडत नाही. मेंदूशास्त्रज्ञ मार्कस रायकल आणि सहकाऱ्यांनी २००१ साली ज्याला ‘डिफॉल्ट मोड’ म्हटलं, ते मेंदूतल्या काही भागांचं जाळं तेव्हाच जास्त कामाला लागतं: आठवणी जुळवणं, पुढचं चित्र रंगवणं. पालकांना हा वेळ वाया वाटतो, ते आम्हाला अजिबात पटत नाही.

ठरलंय ते असं. फोन खोलीबाहेर (खिशात बंद असला तरी हात जातोच), गाणी नाहीत, हाताला सोपं काम: शेंगा फोडणं, नाहीतर आयर्विन पुलाकडे सावकाश चालणं. शेवटी वहीत दोन ओळी, कारण सुचलेलं लगेच निसटतं. जेवल्यावर लगेच नको, डोळा लागतो.

खरी अडचण पुढे आहे. काहींचं मन निकालाच्या काळजीतच गरगरत राहतं. अशांना सुरुवातीला एखादा विषय द्यावा, की चिंता आधी कागदावर उतरवून घ्यावी? आणि कृष्णाकाठी संध्याकाळी वीसेक जण निवांत बसतील अशी जागा कोणती? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावं.