सोरायसिस : पाऊस सरला की वाढतो, थंडीत तडकतो. ऊन, खाणं आणि ताणाचं नेमकं काय करावं? (खानापूर-बेळगाव)

खानापूरची_बाई

नमस्कार मंडळी. थोडं लांब लिहितेय, पण पूर्ण वाचा ही विनंती.

वय ३४. खानापूर तालुक्यात प्राथमिक शाळेत शिकवते. सहा वर्षांपासून सोरायसिस आहे. आधी कोपरं आणि गुडघे होते, मग केसांच्या कडेनं आला, गेल्या वर्षापासून कमरेभोवतीही चट्टे आलेत. आमच्याकडे जून ते सप्टेंबर ऊन कसं ते दिसत नाही, कपडेसुद्धा चुलीवर दोरी बांधून वाळवतो. गणपती गेले की अंग खाजायला लागतं. दिवाळीनंतर कोरडा वारा सुटला की कातडी तडकते आणि संक्रांतीपर्यंत कोपराच्या भेगांतून रक्त येतं. मार्च-एप्रिलात आपोआप उतरतो. दरवर्षी हेच.

सासूबाईंनी काळजीपोटी वांगं, मासे, दही, चिंच, सगळं बंद केलंय. कुणी म्हणतं सकाळचं कोवळं ऊन घे, कुणी म्हणतं उन्हात जाऊच नको. दुकानातून एक मलम आणलं होतं, चार दिवसांत चट्टा साफ झाला, पण सोडल्यावर दुप्पट उठला. आता शेजारगावच्या एकांकडच्या पुड्या घ्यायच्या का, असा घरात विषय आहे. फेब्रुवारीत नणंदेचं लग्न आहे, त्याचाही ताण आहेच.

परवा पहिलीतल्या एका मुलीनं माझ्या कोपरावर अलगद बोट ठेवून विचारलं, "बाई, दुखतंय?" न्यायला आलेल्या तिच्या आईनं तिचा हात झटकन मागं ओढला. त्या रात्री मला झोप आली नाही. ज्यांनी हे भोगलंय त्यांनी सांगा.

अनगोळचा_दादा

ताई, मला २१ वर्षं झाली. पहिली गोष्ट त्या मुलीच्या आईला सांगा : हा लागण होणारा रोग नाही. हात लावून, एका ताटात जेवून, एका टॉवेलनं पुसून तो कुणाला होत नाही. शरीराची स्वतःची प्रतिकारयंत्रणा चुकून सतत पेटलेली राहते. निरोगी कातडीला नवी व्हायला साधारण महिना लागतो, आपल्या चट्ट्यावर तेच काम चार-पाच दिवसांत उरकतं. जुनी पेशी गळायच्या आत नवी वर येते, म्हणून चंदेरी खपल्यांचे थर साचतात. खपली ओढून काढली की टाचणीच्या टोकाएवढे रक्ताचे ठिपके दिसतात, कारण तिथल्या फुगलेल्या बारीक रक्तवाहिन्या अगदी वर आलेल्या असतात. ओढू नका, ओढल्या जागी तो आणखी पसरतो.

आता उन्हाचं. उपयोगी पडतो तो उन्हातला अतिनील-बी हा भाग, तो कातडीतल्या या पेटलेल्या पेशींना शांत करतो. पण कोवळ्या उन्हात तो जवळपास नसतोच. माझी साधी खूण म्हणजे अंगणात उभं राहून सावली बघायची. सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तर ते ऊन कामाचं. आणि खिडकीच्या काचेआड बसून काही मिळत नाही, काच हा भाग अडवते. मी दोन वर्षं काचेच्या गॅलरीत बसून वाट बघत होतो, म्हणून मुद्दाम सांगतोय.

यातून एक गोष्ट माझ्या लक्षात आली. आपल्या भागात डिसेंबरातही भर दुपारी सावली उंचीपेक्षा आखूडच असते. म्हणजे थंडीत ऊन संपत नाही, आपण स्वेटर आणि पूर्ण बाह्यांच्या आत जातो. वर हवा कोरडी आणि अंघोळीचं पाणी कढत. ऊन खरोखर हरवतं ते पावसाळ्यात, आणि तुमच्या जांबोटी-कणकुंबीकडे तर आठवडेच्या आठवडे. तेव्हा दोन ऋतूंचे उपाय वेगळे हवेत.

थंडीत सुटीच्या दिवशी गच्चीवर फक्त चट्टे उघडे ठेवून पाच मिनिटांपासून सुरुवात करा, हळूहळू १५-२० पर्यंत न्या. चेहरा झाका. कातडी लाल होऊन चुरचुरली तर तेवढं ऊन तुम्हाला जास्त झालं. भाजलेल्या जागी नवा चट्टा उठतो. काही गोळ्यांनी ऊन बाधतं, त्यामुळे कुठलंही औषध चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

पावसाळ्यासाठी मी दवाखान्यातली प्रकाशचिकित्सा घेतली. ३११ नॅनोमीटरचा अरुंद पट्ट्याचा प्रकाश असतो, पेटीत उभं राहायचं, आठवड्यातून दोन-तीनदा. वीस-पंचवीस वेळा जावं लागलं. तुम्हाला खानापूर ते बेळगाव २५-२६ किलोमीटर, शाळा सांभाळून जमेल का ते आधी बघा. मध्येच सोडलं तर पैसे आणि वेळ दोन्ही वाया जातात.

निपाणीचा_औषधवाला

माझं मेडिकल आहे, म्हणून हे मला लिहिलंच पाहिजे.

बाई, चार दिवसांत साफ करणारं ते मलम बहुतेक स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि प्रतिजैविक असं तिन्ही एकत्र असलेलं असणार. लोक नायट्यासाठी मागतात तेच. यातलं जोरदार स्टेरॉइड डॉक्टरांनी ठरावीक दिवस, ठरावीक जागी दिलं तर चांगलं औषध आहे, मी त्याच्या विरोधात नाही. पण स्वतःच्या मनानं महिनोन्महिने चोळलं तर कातडी कागदासारखी पातळ होते आणि सोडल्यावर रोग उसळून येतो. तुमचं तेच झालंय.

पुड्यांबद्दल हात जोडून सांगतो. ज्या पुडीवर आत काय आहे ते लिहिलेलं नाही, ती घेऊ नका. अशा पुड्यांत पोटातून घ्यायचं स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं. घेताना अंग गुळगुळीत होतं, पुडी संपली की कधी कधी सगळं अंग लालबुंद होऊन सोलवटतं, पुळ्या पूने भरतात, ताप-थंडी येते. ती वेळ हॉस्पिटलात भरती होण्याची असते. आयुर्वेद करायचा असेल तर पदवीधर वैद्यांकडे जा आणि चिठ्ठी लिहून घ्या.

दुसरं, मेथोट्रेक्सेट, म्हणजे सोरायसिस जास्त असला की देतात ती पोटातून घ्यायची गोळी. पुढंमागं ही गोळी तुम्हाला लिहून दिली तर ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. आमच्या सीमाभागात यात एक खास धोका आहे. कानडी डॉक्टर किंवा नर्स सांगतात "वारक्कोम्मे". कानडीत वार म्हणजे आठवडा, आणि मराठीत वार म्हणजे सोमवार-मंगळवार. माझ्याकडे एक आजी आल्या होत्या, त्यांनी त्याचा अर्थ "दर वाराला एक" असा घेतला होता. तीन दिवस रोज गोळी पोटात गेली होती. तोंडात फोड आले म्हणून मलम मागायला आल्या, तेव्हा उलगडलं. त्यांना तशीच रिक्षात घालून दवाखान्यात पाठवलं, वाचल्या. तेव्हापासून मी पाकिटावर मराठीत मोठ्या अक्षरांत "फक्त रविवारी" असं लिहून देतो. तुम्हीही कानडीतलं उत्तर मराठीत परत म्हणून खात्री करून घ्या, लाजू नका.

रक्तदाबाच्या काही गोळ्या, मलेरियाची क्लोरोक्विन, मनाच्या आजाराची लिथियम यांनीही सोरायसिस वाढू शकतो. चालू गोळी आपल्या मनानं बंद करायची नाही, पण प्रत्येक डॉक्टरला "मला सोरायसिस आहे" हे आधी सांगायचं.

खानापूरची_बाई

औषधवाले दादा, "वारक्कोम्मे" वाचून काटा आला. मलाही मागच्या वेळी मेथोट्रेक्सेटच सुचवली होती, मी घाबरून घेतली नाही. आम्ही दुसऱ्या बाळाचा विचार करतोय, त्याचं काय?

निपाणीचा_औषधवाला

मग घेतली नाहीत ते बरंच झालं. गरोदरपणात ती चालत नाही, आणि बाळाचा विचार असेल तर कित्येक महिने आधी बंद करावी लागते. अॅसिट्रेटिन नावाची दुसरी गोळी आहे, ती सोडल्यावरही तीन वर्षं गर्भ राहू द्यायचा नसतो. डॉक्टरांना पहिल्याच भेटीत बाळाचं सांगा, त्यावरून औषध बदलतं. वर अनगोळच्या दादांनी सांगितलेली प्रकाशचिकित्सा अशा वेळी सहसा चालते.

वडगावची_अक्का

अगं, सासूबाईंवर रागावू नकोस, माझ्याही आईनं तेच केलं होतं. पण सोरायसिसला वांगं किंवा चिंच चालत नाही असं ठरवण्याजोगा पुरावा नाही. मासेही बंद करायचं कारण नाही, बांगडा खा. गहू ज्यांच्या आतड्यांना खरोखर सोसत नाही, ज्यांची तशी रक्ततपासणी आलीय, त्यांनाच तो सोडून फायदा होतो. आपली ज्वारीची भाकरी, नाचणी, डाळ, भाज्या उत्तम आहेत, पण त्यात चट्टा घालवायची ताकद आहे असं मी म्हणणार नाही. एखादा पदार्थ खाल्ला की तुला दर वेळी वाढतो असं वाटत असेल तर तो एकटाच तीन-चार आठवडे सोडून बघ. दहा गोष्टी एकदम सोडल्यास तर कशानं काय झालं ते कळत नाही आणि अंगात रक्त राहत नाही.

आहारातली सगळ्यात पक्की गोष्ट वजन. पोटावरची चरबी स्वतःच शरीरात दाह वाढवणारी रसायनं सोडत असते. मी ७८ किलोची होते, दीड वर्षात ६९ वर आले. रात्रीचा भात निम्मा केला, कुंदा सणापुरता ठेवला आणि रोज संध्याकाळी चालले. माझे पायावरचे चट्टे निम्मे झाले, आणि जे मलम आधी लागू पडत नव्हतं ते लागू पडायला लागलं. दारू आणि सिगारेट दोन्ही हा रोग वाढवतात, घरातल्या पुरुषांना असेल तर त्यांनाही सांग.

आता एक विचारते. कमरेवरचा चट्टा परकराच्या नाडीच्या रेषेतच आहे का बघ. मी मागावर दिवसभर बसायची, नाडी घट्ट, घाम आणि तीच जागा सारखी घासायची. नाडीच्या पिळाची खूण जशीच्या तशी चट्ट्यात उतरली होती. कातडीला जिथं घासतं, खरचटतं, भाजतं, तिथं सोरायसिस उठतो. मी परकराला चार बोटं रुंद सुती पट्टा शिवून घेतला, खाली व्हॅसलीनचा हात फिरवते. ती रेषा दोन महिन्यांत फिकी झाली.

अंघोळीचंही तसंच. बंबातलं कढत पाणी आणि दगडानं घासणं बंद कर. कोमट पाणी, पाच-दहा मिनिटं, टॉवेलनं टिपायचं आणि अंग ओलसर असतानाच खोबरेल किंवा व्हॅसलीन लावायचं. हे गणपतीतच सुरू कर, भेगा पडायची वाट बघू नकोस.

ताणाचं सांगू? माझ्या मुलाच्या दहावीच्या वर्षी मला सर्वांत जास्त झाला होता. गंमत नाही सांगत, परीक्षेच्या दिवसांत नव्हे, ती झाल्यावर दोन-तीन आठवड्यांनी उठला. म्हणून लोकांना दोन्हीचा संबंध कळत नाही. त्यात खाज सुटली की झोप जाते, झोप गेली की आणखी खाज. लग्नाची कामं आत्ताच वाटून घे आणि झोपेचे सात तास कुणाला देऊ नकोस. नणंदेला खरं काय ते सांगून टाक. मी माझ्या जावेला सांगितलं, तर आता तीच पाठीला मलम लावून देते. लपवण्यातच माझी निम्मी ताकद जात होती.

उद्यमबाग_फौंड्री

अक्का बरोबर सांगालीया. माझं एक ऐका बाई. सकाळी उठल्यावर बोटं अर्धा तास वळत न्हाईत, एकादं बोट सुजून सगळंच जाड होतंय, टाच दुखतिया, नखांवर टाचणीनं टोचल्यागत खड्डे पडल्यात, असं कायबी असंल तर थांबू नका. मी चार वर्सं "भट्टीजवळच्या कामानं दुखालंय" म्हणून गोळ्या खाल्ल्या. सोरायसिस सांध्यात उतरला होता. आता डाव्या हाताचं मधलं बोट वाकडं ऱ्हायलंय, ते सरळ होत न्हाई. येळेत सांधेवाल्या डॉक्टरकडं गेलो असतो तर वाचलं असतं.

मार्कंडेयकाठ

माझ्या १२ वर्षांच्या मुलाला पावसाळ्यात घसा धरला, आणि दोन आठवड्यांनी अंगभर पाण्याच्या थेंबांएवढे लाल ठिपके उठले. घशातल्या जंतूंमुळे सोरायसिसचा हा प्रकार होतो असं डॉक्टर म्हणाले. घशाचे उपचार झाले, काही महिन्यांत ठिपके गेले. शाळेत मुलांत असता म्हणून लिहिलं, तुमचा घसा दुखला तर अंगावर काढू नका.

खानापूरची_बाई

सगळ्यांचे मनापासून आभार. अक्का, काल रात्री आरशासमोर बघितलं. कमरेचा चट्टा नाडीच्याच रेषेत आहे, उजवीकडे गाठ येते तिथं सर्वांत जाड. सहा वर्षांत मला कुणी हे विचारलं नव्हतं.

नखांवर दोन खड्डे दिसले, सांधे मात्र दुखत नाहीत. शनिवारी अर्धी शाळा असते, त्या दुपारी बेळगावला चर्मरोगतज्ज्ञांची वेळ घेतलीय. बाळाचं, मलमाचं आणि नखांचं कागदावर मराठीत लिहून नेतेय. पुड्यांना घरात नाही म्हणून सांगितलं. सासूबाईंना अक्कांचं उत्तर वाचून दाखवलं, त्या काही बोलल्या नाहीत, पण आज डब्यात वांग्याची भाजी होती.

प्रकाशचिकित्सेला आठवड्यातून दोनदा, संध्याकाळी साडेपाचनंतर बेळगावात कुठं घेतात का? शाळा सुटून बसनं पोचायला तेवढं होतंच.

अनगोळचा_दादा

वेळ दवाखान्यागणिक वेगळी असते. शनिवारी जाताय तेव्हा तिथंच विचारा, आणि एका वेळचे पैसे किती तेही लिहून घ्या. मी सोमवार-गुरुवार जायचो. दोन वेळांच्या मध्ये किमान एक दिवस मोकळा लागतो, तेवढं बघून वार ठरवा.